हौशी वादकांनो, तुमचं वाद्य कोणतं? आणि उन्हाळ्यात सूर कोणाचा धरता?

मांजराकाठ (लातूर)
नमस्कार मंडळी. दिवसभर दुकान, शाळा, शेती, बँक आणि संध्याकाळी घरी, देवळात किंवा भजनी मंडळात वाजवणाऱ्या आपल्या मराठवाड्यातल्या हौशी लोकांसाठी हा धागा. आपापलं वाद्य, पट्टी आणि त्याची निगा कशी राखता ते लिहा.

माझी पेटी. खर्ज-नर (खालच्या आणि मधल्या सुरांचे दोन संच), साडेतीन सप्तकांची, ४२ पट्ट्यांची. दर शनिवारी सहा जणांची बैठक असते: पेटी, तबला, पखवाज, बासरी, व्हायोलिन आणि मोबाईलवरचा तानपुरा. गाणाऱ्यांच्या पट्ट्या दोन, काळी एक आणि काळी चार, म्हणजे पेटीवरच्या त्या काळ्या पट्टीला सा. दिवाळी ते संक्रांत सगळं एकमेकांत छान बसतं. एप्रिल लागला की बासरी चढते, तबला तासाभरात हलतो, आणि मोबाईलचा तानपुरा पेटीशी जमेनासा होतो. अशा बैठकीत आधार कोणाचा धरायचा? कोणी कोणाला मिळवून घ्यायचं?

सोळाघरं (नांदेड)
पेटीचा. तबल्याला गठ्ठे (ताण बदलायचे लाकडी ठोकळे) आहेत, व्हायोलिनला खुंट्या आहेत, बासरीवाल्याला ओठ आहेत. पेटीला बैठकीत बसून हलवण्यासारखं काहीच नाही. जे हलत नाही त्याला बाकीच्यांनी मिळावं.

माझा तबला. खोड शिसवीचं, तोंड साडेपाच इंच, काळी एकला. काळी दोनसाठी सव्वापाच इंची वेगळा आहे. एकाच तबल्याला ओढूनताणून दीड-दोन सूर चढवायची सवय असेल तर मे महिन्यात पुडी (तोंडावरचं कातडं) चाटेपाशी, म्हणजे कडेला, फाटणारच. कोरड्या हवेत कातडं आधीच आवळलेलं असतं, त्यात आपण गठ्ठे खाली ठोकतो.

मिळवायचा क्रम सांगतो, कारण बरेच जण थेट हातोडी घेऊन गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या चामडी वेणीवर) तुटून पडतात. सूर अर्ध्या पट्टीपेक्षा जास्त लांब असेल तर आधी आठही गठ्ठे थोडे थोडे खाली सरकवा, समोरासमोरच्या जोडीनं. गठ्ठ्यावर दोन वाद्या (चामड्याचे पट्टे) असतील आणि तरी चढत नसेल तर तिसरी चढवा. मग गजरा. वरून ठोका दिला की चढतो, खालून दिला की उतरतो. गजऱ्याच्या सोळा घरांपैकी (ठोकायच्या जागांपैकी) एक घर मिळवलं की त्याच्या बरोबर समोरचं घ्यायचं, शेजारचं नाही. शेजारून शेजारी गेलात तर पुडी एका अंगाला ओढली जाते आणि शेवटी पहिलं घर परत सुटतं. प्रत्येक घरावर ‘ना’ वाजवून ऐकायचं, नुसत्या ‘तीं’वर विसंबायचं नाही. वाजवणं संपल्यावर उन्हाळ्यात गठ्ठे थोडे वर सरकवून ठेवायचे. दोन मिनिटांचं काम आहे, पुडीचं आयुष्य वाढतं.

षड्जा (छत्रपती संभाजीनगर)
सोळाघरं दादा, तबल्याचं पटलं, पण पहिलं वाक्य नाही पटलं. आधार गळ्याचा. गाणारा काळी एकला मोकळा गातो म्हणून पेटीवर काळी एक धरायची, पेटी काय म्हणते म्हणून गळा ओढायचा नाही.

आणि तानपुरा पेटीमागे गेला की गांधाराचं काय करणार? तानपुरा नीट मिळाला की खर्जाच्या तारेतून आपोआप गांधार ऐकू येतो. तो सा च्या बरोबर सव्वापट कंपनांचा असतो. पेटीचा गांधार समान अंतरांच्या हिशेबातला, म्हणून त्यापेक्षा सुमारे १४ सेंट चढा. (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग.) काळी एकचा मधला सा २७७.१८ हर्ट्झ (सेकंदाला कंपनं) धरला तर शुद्ध गांधार येतो ३४६.४८ वर आणि पेटीचा ३४९.२३ वर. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला जवळजवळ पावणेतीन लाटा, म्हणजे आवाजाचे चढउतार, ऐकू येतात. भूप किंवा यमन गाताना गायकानं गांधारावर मुक्काम केला की पेटीवाल्यानं ती पट्टी दाबून धरू नये, स्पर्श करून सोडून द्यावी. आमच्या गुरुजींच्या शिकवणीतला हा पहिला नियम.

सोळाघरं (नांदेड)
ताई, पट्टी गळ्याचीच, त्यात वाद नाही. मी बोलतोय तो त्या पट्टीतल्या नेमक्या सुराबद्दल. पेटीची काळी एक आणि मोबाईलची काळी एक यातच फरक असतो, तिथं कोणाचं ऐकायचं?

भाता (जालना)
हा फरक येतो कुठून ते सांगतो. बहुतेक मोबाईल तानपुरे मधल्या ‘ए’ला, म्हणजे पांढरी सहाला, ४४० हर्ट्झ धरून चालतात. पेट्या बनवताना पुष्कळ कारागीर ४४२ च्या आसपास सूर लावतात, जुन्या पेट्या तर कुठेही असू शकतात. ४४० आणि ४४२ मधला फरक साधारण ८ सेंट. ऐकायला किरकोळ वाटतं, पण मधल्या काळी एकवर सेकंदाला सव्वा लाट येते. तानपुऱ्याच्या सलग नादात ती लाट तासभर कानावर आपटत राहते आणि गाणाऱ्याला उगाच वाटतं की आपणच हलतोय.

तानपुऱ्याच्या ॲपमध्ये बारीक सूर लावायची सोय असते, सेंटमध्ये किंवा हर्ट्झमध्ये. पेटीचा फक्त नर सूर चालू ठेवा, खर्ज बंद. मध्यम दाबानं भाता मारा. जोरात मारलात तर सूर किंचित हलतो आणि मोजमाप चुकतं. काळी एक दाबून धरा आणि ॲपचा सूर एकेक सेंट वर-खाली करत लाट थांबेपर्यंत जा. तो आकडा पेटीच्या झाकणाला आतून चिठ्ठी लावून लिहून ठेवा. काळी चारसाठी वेगळा मोजा, कारण प्रत्येक रीड (सूर देणारी पितळी जीभ) सारखीच लागलेली असेल असं नाही.

वेणूवन (परभणी)
बासरीबद्दल लिहितो, कारण धाग्यात तिच्यावर ‘चढते’ असा आरोप आहे आणि तो खरा आहे.

बासरीचा सूर आतल्या हवेतल्या ध्वनीच्या वेगावर चालतो. हवा तापली की वेग वाढतो, सूर चढतो. अंदाजे एका अंशाला ३ सेंट. २० अंशांवर मिळालेली बासरी ४० अंशांत हिशेबानं ५५ सेंटच्या वर जाते, म्हणजे अर्ध्या सुराच्याही निम्म्यापुढे. फुंकेमुळे नळीतली हवा थंडीतही थोडी कोमट असते, म्हणून प्रत्यक्षात फरक याहून कमी पडतो, पण परभणीच्या मे महिन्यात तो कानाला स्पष्ट कळतो. पेटीच्या पितळी रीड उष्णतेनं उलट किंचित उतरतात. दोघं दोन दिशांना गेल्यावर अंतर आणखी वाढतं.

उपाय तीन. बासरी आत, म्हणजे ओठाकडे थोडी फिरवली की फुंकेचं भोक जास्त झाकलं जातं आणि सूर उतरतो. २० सेंटपर्यंत असं सांभाळता येतं, त्यापुढे आवाज घुसमटतो. दुसरा उपाय, बासरी गच्चीवरच्या खोलीत किंवा गाडीत ठेवू नका. बैठकीच्या खोलीत तासभर आधी आणून ठेवा. तिसरा, बनवून घेतानाच कारागिराला सांगा की आमच्याकडे ३५ अंशांत वाजणार आहे, सूर ५-७ सेंट उतरा ठेवा. थंडीत फिरवून चढवणं सोपं जातं.

चिरा हा खरा शत्रू. मार्च ते जून बासरी दोन्ही टोकं बंद होणाऱ्या पीव्हीसी नळीत ठेवा. सोबत भोकं पाडलेल्या छोट्या डबीत ओलसर स्पंजाचा तुकडा, पाणी गळणार नाही इतपतच ओला. महिन्यातून एकदा आतून मोहरीच्या तेलाचा पातळ हात, काठीला मऊ फडकं गुंडाळून. बुचाजवळ तेल साचू देऊ नका, बूच सैल होतं. चीर गेलीच तर पातळ सुपरग्लू चिरेत सोडा, लगेच नायलॉनचा दोरा घट्ट ओढून १०-१२ वेढे, चिरेच्या लांबीवर तीन-चार ठिकाणी. नुसत्या ग्लूनं आठवड्यात परत उघडते, कारण बांबू रोज आकसतो-फुगतो.

गवळण (हिंगोली)
काळी एकच्या बासरीवर काळी चार वाजवता येते का? दोन बासऱ्या घ्यायची ऐपत नाही सध्या.

वेणूवन (परभणी)
येते. काळी एकच्या बासरीवर सहाही भोकं बंद केली की मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) मिळतो, तोच काळी चारचा सा. त्याला सा मानून बोटं बसवायची. खाली जायला मात्र जागा उरत नाही, सगळा विस्तार वरच करावा लागतो. भजनाला, भावगीताला भागतं. रागाला नाही.

सप्ताहकरी (केज)
पखवाजाचं कुणीच लिहीना म्हणून लिवायलोय. आपेगावकर घराण्यानं आंबाजोगाईच्या मातीतून पखवाज साऱ्या देशात नेला, शंकरबापूंना पद्मश्री मिळाली, आन् आपल्याच भागातले भजनी पोरं शिळी कणीक लावून पखवाज बसवायलेत. बघून जीव तुटतो.

उजवी पुडी आधी मिळवायची. का? दोन्ही पुड्या एकाच वादीनं ओवलेल्या असतेत. उजवी ताणली की डावीबी ताणते. आधी कणीक लावून डावी जमवली आन् मग उजवीचे गठ्ठे ठोकले तर डावीचं गणित बिघडलंच म्हणून समजा.

कणीक गव्हाची, मैद्याच्या चाळणीनं चाळलेली, कोंडा नको. मीठ नको, तेल नको. पोळीच्या कणकेपेक्षा सैल, पण बोटाला चिकटून लोंबणार नाही इतकी. दीड ते दोन उंडे पुरतेत. डाव्या पुडीच्या मधोमध आधी ओलं बोट फिरवा, मग कणीक तळव्यानं दाबत पसरवा. मध्ये जाड, कडेला पातळ. कोरड्या कातड्यावर लावली तर थापेला सुटून उडते. कणीक वाढवली की सूर खाली जातो, काढली की वर येतो. उजवीच्या सा चा खालचा सा डावीत घुमला की थांबायचं.

उन्हाळ्यात कीर्तन दोन तास चालतं, तेवढ्यात कणीक वाळायला लागते आन् डावी चढते. शेजारी ओलं फडकं ठेवा, अभंग संपला की दोन बोटं ओली करून कणकेवर फिरवा. पाणी शिंपडू नका, कातडं भिजतं.

संपलं की कणीक लगेच काढायची. उलथण्याच्या बोथट कडेनं किंवा जुन्या चमच्यानं खरवडा, ओल्या फडक्यानं पुसा, सावलीत वाळू द्या. सप्ताहात सात दिवस पखवाज मंडपातच राहतो, रात्री ‘सकाळी काकड्याला लागलच की’ म्हणून कणीक तशीच ठेवतेत. वाळलेली कणीक कातडं ओढून धरते, तडा तिथनंच जातो. वर उंदीर येतेत कणकेच्या वासानं आन् पुडीसकट खातेत.

मांजराकाठ (लातूर)
सप्ताहकरी काका, हे वाचून आमच्या पखवाजवाल्याला लगेच पाठवलं. रव्याची कणीक लावलेली चालते का? एकानं सुचवलंय.

सप्ताहकरी (केज)
दक्षिणेत मृदंगमला रवा लावतेत. पखवाजाला गव्हाची कणीकच बरी, पुडी मोठी हाय आन् थापबी मोठी, चिकटून राह्यला पायजे.

गजर (धाराशिव)
व्हायोलिनवाल्या लोकांसाठी. तारा काळी चारला सा-प-सा-प लावा. म्हणजे जी आणि डी अर्ध्या सुरानं वर, ए आणि ई अर्ध्या सुरानं खाली. नेहमीच्याच तारा, कुठेच जास्त ताण नाही. गंमत अशी की काळी एकचा गायक बसला तरी काही बदलायचं नाही. त्याच चार मोकळ्या तारा त्याच्या हिशेबानं प-रे-प-रे होतात. मांजराकाठ, तुमच्या दोन्ही पट्ट्या यात बसतात.

कोरड्या हवेत खुंट्या आकसून सटासट सुटतात. खुंटी काढून जिथे ती भोकात घासते तिथेच साधा खडू, त्यावर अगदी थोडा कोरडा साबण. फक्त खडू लावला तर खुंटी अडकते, फक्त साबण लावला तर घसरते. आणि गज वाजवून झाल्यावर सैल करायलाच हवा. गजाचे केस कोरड्या हवेत आखूड होतात. ताणलेला गज रात्रभर तसाच राहिला तर काठीचा बाक जातो, तो परत येत नाही.

भाता (जालना)
आता पेटीची निगा, कारण सगळ्यात जास्त विचारणा तिचीच होते.

भाता गळतो का ते पाहायला सगळ्या खुंट्या (सूर चालू-बंद करायच्या) बंद करा, भाता दोन-तीनदा मारून हवा भरा आणि सोडून द्या. मनात वीस मोजेपर्यंत हवा टिकली तर ठीक. भसकन उतरली तर घड्यांचे कोपरे बघा, गालाजवळ नेलं की हवेची झुळूक लागते. तिथे मेंढीच्या मऊ कातड्याची चकती, फेविकॉलचा अगदी पातळ हात देऊन. जाड लावला तर घडी कडक होते आणि शेजारी नवी चीर जाते.

पट्टी न दाबता बारीक ‘सीं’ येत राहतो, तेव्हा त्या पट्टीखालची झडप बसत नसते. नव्वद टक्के वेळा धूळच. वरची जाळी काढा, पट्टी दाबून झडपेखाली साध्या कागदाची पट्टी सरकवा, पट्टी सोडा, कागद ओढून घ्या. तीन-चारदा. तरी राहिला तर स्प्रिंग कमजोर आहे.

एखादी रीड मुकी झाली तर तिच्या जिभेत केस किंवा कण अडकलाय. पातळ ब्लेडनं जिभेचं टोक केसभर उचलून सोडा, फुंकर मारू नका, वाफेनं पितळ काळवंडतं. सूर लावायला रीड खरवडायची वेळ आली तर एवढंच लक्षात ठेवा: टोकाकडे खरवडलं की चढतो, मुळाकडे खरवडलं की उतरतो. पालिताण्याच्या जुन्या रीड कसदार असतात, नवशिक्यानं त्यांना कानस लावू नये. काढलेलं पितळ परत बसवता येत नाही.

पावसाळ्यात पट्ट्या फुगून एकमेकींना घासतात. लोक लगेच पॉलिशपेपर घेऊन बसतात. दसऱ्यापर्यंत थांबा. श्रावणात घासलेली पट्टी मार्चात खुळखुळते. तोवर पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. लोकरीच्या पट्टीला कसर लागते, त्याला वेखंडाचे दोन-तीन तुकडे फडक्यात बांधून कोपऱ्यात. डांबरगोळी आत टाकू नका, पॉलिशवर डाग पडतो.

तुणतुणं (माहूर)
सगळे बैठकीची वाद्यं लिहिताहेत म्हणून गोंधळाच्या वाद्यांकडे वळवतो. परभणीच्या राजारामभाऊ कदमांनी संबळ आणि तुणतुणं मोठमोठ्या मंचांवर नेलं, पण आजही शिकणाऱ्या पोराला तुणतुणं लावायचं कसं हे कुणी धड सांगत नाही.

तुणतुण्याची तार खालच्या कातड्याच्या मधोमध अडकवलेली असते. म्हणून हवेचा परिणाम दुहेरी होतो. कोरड्यात कातडं आवळतं आणि तारेला खाली ओढतं, सूर चढतो. दमट हवेत कातडं सैल पडतं, तार ढिली होते. गोंधळ रात्रभर चालतो, संध्याकाळी लावलेलं तुणतुणं पहाटेच्या गारव्यात उतरलेलं असतं. दर आख्यानाआधी खुंटी बघायचीच. लावायचं गाणाऱ्याच्या सा ला, नाहीतर पंचमाला. ठेवताना तार सैल करून ठेवा, नाहीतर कातड्याला मधे फुगवटा येतो आणि तिथे फाटतं.

संबळाच्या दोन काठ्यांत एक सरळ, एक टोकाला वाकलेली. वाकडी काठी घुमणाऱ्या अंगावर टेकून घासली की तो गुरगुरता नाद येतो. नवखे ती आपटतात. आपटल्यानं नाद येत नाही, कातड्याला वळ तेवढे उठतात.

कडबा (सेलू)
हलगीवाले हायेत का कुणी? खऱ्या कातड्याची हलगी शेकायची तर कडब्याच्या जाळावर, हातभर लांब धरून, सारखी फिरवत. एका जागी धरली की कातडं करपतं. आधी ‘ढब’ वाजती, शेकली की ‘खण्ण’. पावसात दर अर्ध्या तासाला शेकायला लागती. फायबरची शेकू नका, वितळती.

षड्जा (छत्रपती संभाजीनगर)
मूळ प्रश्नाकडे येते, कारण एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. कूलर! बाहेर कोरडं ऊन आणि खोलीत कूलरची दमट हवा. तबला घरून चढता मिळवून आणता, खोलीत अर्ध्या तासात कातडं ओल पितं आणि उतरतं. गजाचे केस लांब होतात, पखवाजाची डावी बसते. कूलर लावायचाच असेल तर बैठकीच्या अर्धा तास आधी लावा, वाद्यं गवसणीतून काढून त्याच हवेत ठेवा आणि मगच मिळवा. झोताच्या समोर काही ठेवू नका. आणि एकदा मिळवल्यावर मध्येच बंद-चालू करू नका.

सोळाघरं (नांदेड)
ताई, शंभर टक्के. मी तर चुंबळीखालीसुद्धा ओल्या फरशीमुळे फरक पडलेला पाहिलाय. फरशी पुसून लगेच सतरंजी अंथरू नका.

मांजराकाठ (लातूर)
मंडळी, सगळ्यांचं वाचून काल क्रम लावून पाहिला. कूलर साडेपाचला चालू, वाद्यं उघडी. सहाला पेटीवर तानपुऱ्याचं ॲप लावलं. काळी एकला ७ सेंट वर, काळी चारला ५, भाता दादांनी सांगितलं तशी चिठ्ठी झाकणाला लावली. पेटी मग बाजूला. तबला, पखवाजाची उजवी आणि व्हायोलिन ॲपच्या तानपुऱ्यावर मिळवले, पेटीवर नाही, त्यामुळे एकमेकांच्या गोंगाटात चुका झाल्या नाहीत. कणीक सगळ्यात शेवटी. बासरी सर्वात आधी खोलीत आणली आणि सर्वात शेवटी तपासली; १५ सेंट चढी होती, आत फिरवून भागलं. तासाभरानं फक्त तबल्याची तीन घरं हलली.

एक राहिलं. काळी चारच्या गाण्याला आमच्याकडचा काळी एकचा तबला चालतो, पण कधीकधी कानाला खटकतो. का?

सोळाघरं (नांदेड)
काळी चारच्या हिशेबानं काळी एक हा मध्यम आहे. मध्यम लागतो त्या रागात, भीमपलास, बागेश्री, मालकंस, छान बसतो. भूप, यमन, हंसध्वनी असेल तर शुद्ध मध्यमच नाही आणि तबला सतत तोच सूर सांगत राहतो. तिथे काळी दोनचा सव्वापाच इंची आणा, तो पंचम होतो. भजनाची यादी आधी बघून ठरवा, दोन्ही घेऊन यायचं असेल तर दुसराही सहालाच उघडून ठेवा.